मागच्या बाकावरचा आवाज

होटगी रस्त्यावर राहेलच्या भावाच्या जीपखाली येऊन बिबीजान नावाची भाजीवाली मेली. राहेल त्याच्या शेजारीच बसली होती, पण पोलिसांना तिनं सांगितलं, "जीप आमची नव्हती."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना म्हणताना मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मेथी घ्या की, ताई." राहेलनं वळून पाहिलं. बाक रिकामा होता. तिसऱ्या रविवारी तो आवाज अगदी कानाशी आला आणि तिला प्रार्थनेचे शब्दच आठवेनात.

ती तशीच उठून पोलीस ठाण्यात गेली. "साहेब, जीप माझा भाऊ चालवत होता. मी खोटं बोलले. आता मला देवासमोर उभं राहवत नाही."

भावाला अटक झाली. आईनं बोलणं टाकलं. रविवारी राहेल एकटीच चर्चला गेली. मागून आवाज आला नाही. तिनं बिबीजानसाठी प्रार्थना केली, पण वळून पाहायचं धाडस तिला झालं नाही.