सुपातले दाणे

इंदिराबाईंच्या घरात लॅमिनेशनवाचून राहिल्यात त्या फक्त पोळ्या, असं त्यांचे यजमान हयात असताना म्हणायचे. रेशनकार्ड, नातवंडांचे जन्मदाखले, इतकंच काय, सत्यनारायणाची आरतीसुद्धा बाईंनी समुद्रपूरच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणली होती. पस्तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाई त्या. कागद जपावा कसा, हे त्यांना कोणी सांगायची सोय नव्हती. आणि नेमकी तीच हुशारी नडली.

निवृत्तीच्या दिवशी चित्रकलेच्या बंडूजी सरांनी त्यांना एक चित्र दिलं. तैलखडूंचं काम. शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली, खिचडी शिजवणारी पंचफुला सुपात तांदूळ निवडत बसलेली. सुपातला एकेक दाणा बंडूजींनी ब्लेडच्या टोकानं रंग खरवडून काढला होता. बाईंनी त्या संध्याकाळी चष्मा लावून ते दाणे मोजलेसुद्धा.

"बाई, हे खडू कधी पुरते वाळत नाईत," बंडूजी म्हणाले होते. "काच लावजा, पण काच चित्राले टेकू देऊ नका. मधात पुठ्ठ्याची पट्टी ठेवाले सांगजा. अन् उन्हाच्या भिंतीवर नका लावू."

बाईंनी मान डोलावली आणि वर्गातल्या ढ पोरासारखं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. काच फुटते, फटीतून धूळ शिरते. लॅमिनेशन म्हणजे कसं, जन्माचं काम! दुकानदारानं बिचाऱ्यानं विचारलं होतं, "मॅडम, मशीन गरम असते. हे रंगाचं काम दिसून राह्यलं. करू का?"

"करा हो. मले नका शिकवू."

मशीननं चित्र एका बाजूनं गिळलं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर टाकलं. पंचफुलाचं तोंड कडुनिंबात मिसळलं होतं, आणि सुपातल्या तांदळाची कच्चीच खिचडी झाली होती. बाई ते घेऊन घरी आल्या आणि कपाटामागे सरकवून दिलं.

बंडूजी निवृत्त होऊन रोहण्याला गेले. तिथून फोन यायचा, चित्र कसं आहे म्हणून. "हॉलमध्ये लावलंय सर, येणारा-जाणारा पाहतच राहते," असं बाई ठोकून द्यायच्या. एकदा खोटं बोललं की पुढची सोपी जातात. तीन वर्षं गेली.

मग बंडूजींना लकवा झाला, उजवा हात गेला. काचबिंदूनं नजरही गेल्यातच जमा. घरातल्या ट्रंकेला उधई लागली आणि आतल्या साऱ्या चित्रांची माती झाली. तेव्हा त्यांच्या लेकीनं, माधवीनं, लोकांच्या घरी गेलेली चित्रं शोधून शाळेत प्रदर्शन मांडायचं ठरवलं. तिचा फोन आला. "काकू, आतापर्यंत नऊ भेटली. तुमचं दहावं. बाबा सारखे त्याचंच नाव घेऊन राह्यले. अन् पाट्या तुम्हीच लिहा बरं, तुमच्यासारखं अक्षर कोणाचं नाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट बाईंनी चित्राला जाड चौकट आणि काच लावून घेतली, म्हणजे काचेच्या चमकेत प्लॅस्टिकची चमक दडून जाईल. हे करताना त्यांना स्वतःची किळस आली, पण हात थांबले नाहीत.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये बंडूजी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर पडलेला. बाईंनी नऊ पाट्या सुबक अक्षरात लिहिल्या आणि दहावं चित्र माधवीकडे दिलं.

"पंचफुला आली का?" बंडूजींनी मान वर केली. "माधवी, सुपातले दाणे पाह्य बरं. दिसतात ना एकेक?"

माधवीनं चित्र उजेडाकडे धरलं. काचेआडचं प्लॅस्टिक तिला कळलंच नाही. मूळ चित्र तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती अडखळली. "बाबा, सूप आहे. दाणे... नाई दिसत. पांढरं पांढरं पसरलंय. तोंडही पुसटच आहे."

बंडूजी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं चाचपत म्हणाले, "म्हणजे तवाच हात गेलता माहा. मले वाटे, लकव्याच्या आंधीचं तरी धड असंन. बाईंनी मन राखलं म्हणायचं इतके दिवस."

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आयती सुटका समोर होती. गप्प राहिल्या असत्या तर उलट भल्या ठरल्या असत्या. पण त्या माणसाचा तो चांगला हात आपण आपल्या हुशारीपायी त्याच्याकडून हिरावून घेतोय, हे त्यांना सहन होईना.

"सर, तुमचा हात चांगला होता," त्या म्हणाल्या. "मी लॅमिनेशन केलं. मशीनमध्ये रंग वितळला. अन् तीन वर्षं खोटं बोलली मी."

"काऊन असं केलं काकू?" माधवी इतकंच म्हणाली.

बंडूजी चिडले नाहीत. चिडले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. "म्हणजे दाणे होते?" त्यांनी विचारलं.

"होते सर. एकशे चौदा. मी मोजले होते."

"लिहा मंग तसं. पाटीवर लिहा."

बाई टेबलाशी बसल्या. 'पंचफुला. तैलखडू. सुपात एकशे चौदा दाणे होते. हे चित्र इंदिरा वानखेडे यांनी लॅमिनेशन करून बिघडवले.' स्वतःच्या नावाशी ओळ वाकडी गेली. माधवीनं दुसरा कागद पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. तीच पाटी त्यांनी चित्राखाली लावली, आणि लोक येऊन वाचू लागले तेव्हा त्या तिथंच उभ्या राहिल्या.