नवव्या महिन्याचा धागा

गॅरेजच्या वरच्या हॉलमध्ये मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. भिंतीपासून जिन्यापर्यंत गरोदर बायका, आणि त्यांच्या मागे बळेच आणल्यासारखे उभे नवरे. समोर सोफ्यावर बसलेले धागेबाबा एक गुटगुटीत बाळ उंच धरून दाखवत होते.

"बघून घ्या. पूर्ण दिवसांचं, भरल्या अंगाचं. माझा धागा बांधलेल्या एकाही बाईला अपुऱ्या दिवसांचं मूल झालेलं नाही. एक दाखवा, मी ही गादी सोडतो."

गादी म्हणजे सोफाच होता, पण हॉल गहिवरला.

मी शेवटच्या रांगेत होतो. बुवाबाजीवर व्याख्यानं देणं हा माझा छंद. रिकाम्या मुठीतून राख काढून दाखवतो, बाबांचं पितळ उघडं पाडतो आणि टाळ्या घेतो. टाळ्यांसाठीच हे सगळं चालतं, असं आमच्या घरात मत आहे.

या वेळी मात्र घोडं अडलं. धागा बांधलेल्या बायका शोधून काढल्या, तर खरंच सगळ्यांची बाळं पूर्ण दिवसांची. मग एक धागा पळवून आणला. भिंगाखाली धरला, आम्लात बुडवला, जाळून पाहिला. तो धागाच निघाला.

त्याच संध्याकाळी भाची आली. ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्री करते, दिवसभर उभ्यानं. पहिलं मूल सातव्या महिन्यात झालं, ते दवाखान्यातल्या काचेच्या पेटीतून घरी आलंच नाही. आता पाचवा महिना होता, आणि हात उगारणाऱ्या नवऱ्याला सोडून ती एका खोलीत एकटी राहत होती.

"मामा, बाबांकडे गेले होते. नववा लागला की या म्हणाले, आणि जोडीनं या. बापाची सावली नसेल तर मूल दिवस भरत नाही म्हणे." ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मी परत जाते त्याच्याकडे. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. हेही मूल गेलं तर मी नाही सहन करू शकणार."

आता विवेकवादी मामानं काय म्हणावं?

"बाबाचं सोड," मी घसा खाकरून म्हणालो, "पण आकडेवारीही तेच सांगते. एकट्या बायकांची मुलं अशक्त जन्मतात. शास्त्र आहे ते." वर चष्माही पुसला.

टेबलाशी दहावीचे पेपर तपासत बसलेल्या तिच्या मामीनं पेन खाली ठेवलं.

"धागा कितव्यात बांधतात म्हणालीस?"

"नववा लागला की."

"आणि सातव्यात, आठव्यात जी मुलं जन्मतात, त्यांच्या आयांना?"

भाचीचा ओढणीशी चाललेला चाळा थांबला.

"अहो, माझ्या वर्गात बसणारं प्रत्येक पोर नववी पास आहे. हा माझाच पायगुण म्हणायचा का? जी अडकली, ती माझ्या वर्गात आलीच नाहीत." मग तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला. "आणि तुमचं शास्त्र. एकटीला भाडं भरायचं, पाय सुजेपर्यंत उभं राहायचं, तपासणीला जायचं तर रजा नाही, हे तुमच्या आकड्यांत कुठे दिसतं? काय गं, पहिल्या वेळी नवरा होता ना घरात?"

"होता," भाची म्हणाली. "तेव्हाही उभीच असायचे. घरी आल्यावर मारही असायचा."

मी चष्मा पुन्हा पुसला. लाज लपवायला तेवढीच सोय होती.

पुढच्या बैठकीला आम्ही तिघं गेलो. माझ्या पिशवीत भिंग आणि आम्लाची बाटली होती. ती पिशवीतच राहिली. मामीनं भाचीला पुढे केलं. "बाबा, हिला आजच बांधा. हिला आत्ता गरज आहे."

"ताई, दिव्य तेज कच्च्या गर्भाला सोसत नाही," बाबा डोळे मिटून म्हणाले. "फळ पिकू द्या, मग आम्ही बांधू."

"पिकल्यावर पिकवायचं काय राहतं?" मामी गर्दीकडे वळली. "नववा लागायच्या आत येऊन परत पाठवलेल्या कोणी आहेत इथे?"

बरेच हात वर झाले.

"आणि नववा लागायच्या आतच जिचं बाळंतपण झालं, अशी कोणी?"

एकही हात वर झाला नाही. बाबांनी डोळे उघडले आणि ते हसले. तेवढ्यात दाराजवळ, बहिणीची सोबत म्हणून आलेली एक बाई उठली.

"मी. पुढच्या महिन्यात ये म्हणाले होते. पुढच्या महिन्यात यायला पोटात काही उरलंच नव्हतं." ती बहिणीकडे वळली. "वाटलं, माझंच नशीब खोटं. म्हणून कुणाला बोलले नाही."

मग एक जोडपं उठलं, मागोमाग दुसरं. बाबांनी काही गादी सोडली नाही. लोकांनी मात्र बाबांना सोडलं.

भाची नवऱ्याकडे गेली नाही. मामीनं लाँड्रीच्या मुकादमाशी भांडून तिच्यासाठी उंच स्टूल मिळवलं आणि तपासणीच्या दिवसांची रजाही. दुपारचा डबा पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं. शास्त्राची एवढी सेवा मी याआधी केली नव्हती.

मुलगी पूर्ण दिवसांची झाली. मी लगेच व्याख्यानात स्टुलाचा विजय सांगायला निघालो, तर मामीनं तिथेही अडवलं. "एका मुलावरून काही सिद्ध होत नाही. तेवढ्यासाठी दुसरा बाबा होऊ नका."

म्हणून सिद्ध करत नाही, फक्त विनंती करतो. कोणी यशाची रांग दाखवली, तर रांगेपर्यंत पोचू न शकलेल्यांची चौकशी करा. आणि एकट्या गरोदर बाईला नवऱ्याचं महत्त्व समजावण्याआधी, माझ्यासारखा चष्मा पुसत न बसता, तिला बसायला काहीतरी द्या.