पाठीवरचा सान मार्कोस

"कंपाद्रे, यंदा पाय लटपटायला लागलेत तुमचे. संताला पाडाल हां!" माझ्या छातीवर दोरी आवळत मेलितोन हसला.

"तुम्ही गाठ नीट मारा. पायांचं मी बघतो," मी म्हणालो.

मूर्ती घोंगड्यात गुंडाळून पाठीवर घट्ट बसली. निघताना मेलितोनने कोकाच्या पानांची पिशवी माझ्या कमरेला बांधली. "घाटमाथ्यावरच उघडा," म्हणाला. एरवी गळ्यात पडून निरोप देणारा माणूस, पण आज त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हा संत, सान मार्कोस, सहा महिने मेलितोनच्या गावी सायापातात असतो, सहा महिने आमच्या पाकोमार्कात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. बावीस वर्षं त्याला घाटावरून मीच ने-आण करतो. बाकी वर्षभर अल्पाकांचा कळप राखतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्या चढावरच मला खटकलं. मूर्तीखालच्या लाकडी पाटाचा डावा कोपरा तुटका आहे. तो माझ्या पाठीत नेमका एका जागी रुततो, तिथे घट्टा पडलाय. आज तिथे काहीच रुतत नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच पाठ दुखत नव्हती, आणि मला भीती वाटायला लागली.

"दाजी, आज पळताय की!" मागून ढोल घेऊन येणारा माझा मेहुणा अकिलीनो धापा टाकत ओरडला. "सायापाताच्या लोकांनी संताला उपाशी ठेवलं की काय?"

मनात एकच गोष्ट घोळत होती. माझ्या सिप्रियानचं जावळ मेलितोनने काढलं होतं. त्या दिवसापासून आम्ही कंपाद्रे झालो, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचे. पोर चौथ्या वर्षी खोकल्याने गेलं. तेव्हा आम्ही दोघांनी मूर्तीच्या तळाची फळी सरकवली आणि जावळाची पुडी आतल्या पोकळीत ठेवली. आम्हा दोघांशिवाय हे फक्त माझ्या बायकोला, बासिलियाला, माहीत होतं. मूर्ती गावात आली की ती सगळ्यांच्या आधी तळाला बोटं लावते.

घाटमाथ्यावर वाऱ्यापुढे उभं राहवेना. अकिलीनो रिवाजाप्रमाणे दगडांच्या राशीवर आपला दगड ठेवायला पुढे गेला. डोंगराला पानं वाहायची म्हणून मी पिशवी उघडली. पानांत लाल लोकरीने बांधलेली पुडी होती. ती लोकर मीच बांधली होती.

दोरी न सोडताच हात मागे नेऊन घोंगड्याखालून मूर्तीचा तळ चाचपला. भरीव लाकूड होतं. तुटका कोपरा कुठेच नव्हता.

मेलितोनने खरा देव ठेवून घेतला आणि माझं पोर तेवढं परत केलं! मी बोललो तर दोन्ही गावं गोफणी घेऊन एकमेकांवर उठतील, म्हणून मी बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बासिलियाला काय थाप मारायची तेही त्याने माझ्यावरच सोडलं होतं. माझ्या कंपाद्रेने केसाने माझा गळा कापला होता.

"काय झालं दाजी?"

"काही नाही. दम लागला." मी पुडी टोपीत दडवली.

"तुम्हाला? या घाटाला?"

उतारभर मी थापा जुळवत राहिलो. पाट नवा बसवला म्हणावं. फळी खिळ्यांनी ठोकली म्हणावं. एकही धड जमेना.

गावाच्या वेशीवर फुलांची कमान उभी होती. बायका पाकळ्या उधळत होत्या, अकिलीनो ढोल बडवत होता. बासिलिया गर्दीतून पुढे आली, माझ्या पाठीमागे वाकली. तिची बोटं घोंगड्याखाली शिरलेली मला जाणवली. ती तळावरून एकदा फिरली, पुन्हा फिरली आणि थांबली.

ती समोर येऊन माझ्याकडे बघत राहिली. जुळवलेलं सगळं मी विसरलो. टोपी काढली, आतली पुडी तिच्या हातावर ठेवली.

"ह्याला बाहेर कुणी काढलं?" तिने विचारलं.

"ज्याने जावळ काढलं, त्यानंच. खरा संत त्याच्याकडेच राहिला."

ढोल थांबला. एकेक करून सगळ्यांचे हात खाली आले.

मूर्ती चर्चमध्ये न्यायला कुणी पुढे झालं नाही. मी तिथेच वेशीवर बसलो आणि छातीवरची दोरी सोडायला घेतली. मेलितोनने गाठ चांगली मारली होती. सोडवताना मला फार वेळ लागला.