बारीक झालेली नस

रोह्याच्या घरात गेली दोन वर्षं हमिदा कमी मिठाचं बेचव कालवण रांधत होती आणि स्वतःही तेच गिळत होती. नवरा मुराद, बहारीनला क्रेन चालवून उमर काढलेला माणूस, कायमचा गावी आला तो ब्लडप्रेशर सोबत घेऊनच. एक गोळी झाली, दोन झाल्या, चार झाल्या. आकडा काही उतरेना.

"तुझा हातच खारट," मुराद ताट सारून म्हणायचा.

मुलगा मुआज बहारीनहून फोनवर मिठाचंच विचारायचा. पेणला दिलेली सुमय्या तोंडानं काही बोलत नसे, पण माहेरी आली की टोपात बोट बुडवून चाखून बघायची. हमिदानं आधी समजावलं, मग भांडून पाहिलं, शेवटी दोन्ही सोडून दिलं.

सुमय्यानंच त्यांना पेणच्या डॉक्टर दिपिकाकडं नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी बदलली आणि थोड्या दिवसांनी रक्त तपासून यायला सांगितलं. रिपोर्ट आला तर किडनीचं काम घटलेलं.

"तुमच्या गोळीनं किडनी खाल्ली माझी!" मुराद खुर्चीतून उठलाच.

"बसा चाचा. ती गोळी आजपासून बंद. पण तिच्यामुळं एक शंका आली मला."

त्यांनी त्याला टेबलावर झोपवलं, बेंबीच्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग सोनोग्राफी झाली, पनवेलला स्कॅन झाला, आणि पुन्हा सगळे त्याच टेबलासमोर येऊन बसले.

"दोन्ही किडन्यांना रक्त नेणाऱ्या नसा आतून बारीक झाल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या गल्लीत नळाला पाणी कमी आलं की काय करता?"

"मोटर लावतो."

"किडनी तेच करते. तिला रक्त कमी पोचतं. तिला वाटतं, सगळ्या अंगातलंच प्रेशर पडलंय. मग ती प्रेशर चढवायच्या मागं लागते. इकडं तुमचं डोकं ठणकतंय, याचा तिला पत्ताच नसतो."

"कशानं झालं ह्ये?" हमिदाच्या तोंडून एकदम निघून गेलं. "माझ्या मिठानं?"

"मीठ कमीच ठेवा चाची, त्यानं प्रेशर वाढतं. पण नस बारीक झाली ती त्यानं नाही. वय, कोलेस्ट्रॉल आणि मुख्य म्हणजे सिगारेट."

मुराद वर पंख्याकडं बघत राहिला. सुमय्यानं आईचा हात धरला. हे ऐकून आपल्याला हलकं वाटेल असं हमिदाला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. नुसती झोप आली, एवढंच.

मुआजनं फोनवरून धोशा लावला: स्टेंट टाका, पैशाचं मी बघतो. मुरादलाही तेच हवं होतं. एकदा काय ते करून टाकावं आणि गोळ्यांतून सुटावं. पण डॉक्टर नको म्हणाल्या. प्रेशर आता पाच गोळ्यांनी आटोक्यात येतंय, किडनी टिकून आहे, अशा वेळी नळी टाकून जास्त फायदा होतोच असं नाही. गोळ्या घ्या, सिगारेट सोडा, रक्त तपासत राहा.

"मंग आजार सापडला कशाला?" मुराद बाहेर येऊन हमिदावरच खेकसला.

सिगारेट त्यानं कमी केली, सोडली नाही.

श्रावणात, नागोठण्याला पूर येऊन पेणचा रस्ता बंद असताना, दुपारी आडवा झालेला मुराद धडपडत उठून बसला. श्वास पुरेना. ओठ निळे पडले, छातीतून खळखळ ऐकू यायला लागली. वाडीतल्या प्रदीपनं रिक्षात घालून रोह्यातच दवाखान्यात नेलं. तिथं ऑक्सिजन लावला, फुप्फुसात भरलेलं पाणी इंजेक्शनांनी उतरवलं. डॉक्टर दिपिका फोनवर म्हणाल्या, "आता मात्र नसा उघडायलाच हव्यात. अंगातलं पाणी किडन्यांना बाहेर टाकता येत नाहीये."

पुराचं पाणी ओसरल्यावर त्याला पनवेलला हलवलं. जांघेतून तार घातली, नसेत फुगा फुगवला आणि दोन्हीकडं जाळीची नळी बसवली. मुराद जागाच होता. नंतर म्हणाला, दुखलं नाय फारसं. गोळ्या पाचावरून तीनवर आल्या, शिवाय रक्त पातळ राहायची वेगळी.

"अजून गोळ्या हायतच?" त्यानं विचारलं.

"राहणारच," डॉक्टर दिपिका फोनवर म्हणाल्या. "नसा उघडल्या, पण प्रेशर इतकी वर्षं मुरलंय."

महिन्याभरानं पनवेलला दाखवून दोघं रोह्याच्या गाडीत बसले. खिडकीबाहेर भात पोटरीला आलं होतं. वाटेत मुराद म्हणाला, "डॉक्टरीणबाई बोलली ते खरं असंल."

"काय?"

"सिगारेटचं."

हमिदानं मान हलवली. याहून जास्त तो काही बोलणार नाही, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याच्या तोंडून ते काढून घ्यायची ताकद तिच्यात उरली नव्हती. पेण जवळ आलं तशी ती पिशवी घेऊन उठली.

"कुठं?"

"सुमय्याकडं."

"किती दिवस?"

"झोप होईपर्यंत."

"आनी मी खाऊ काय?"

"फ्रीजमधी कालवण हाय. भात लावा. बहारीनला लावायचात ना?"

ती उतरली. गाडी हलली तरी तो दारात उभाच होता.

सुमय्याच्या घरी तिनं चहासुद्धा घेतला नाही. आतल्या खोलीत चटई अंथरली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. डोळा लागता लागता बाहेर फोन वाजला. तांदळाला पाणी किती घालायचं, मुराद विचारत होता.

"अम्मी झोपलीय," सुमय्या म्हणाली आणि दार लोटून घेतलं.