रिकामा डबा परत जात नाही

विणकर बायाक्काच्या मागाच्या पत्र्यावर ड्रोन पडला आणि माझी नोकरी गेली. पण कंपनीच्या पत्रात ‘वडगाव येथे अशी कोणतीही घटना घडलेली नाही’ असं आहे. कंपनी मोठी, मी लहान. तेव्हा काहीच झालं नाही असं धरून सांगतो.

मी मंथन. तीन वर्षं बेळगावच्या खडेबाजारातल्या खानावळींचं जेवण मोटारसायकलवरून वडगावच्या विणकर गल्लीत पोचवत होतो. यंदा उन्हाळ्यात आमचे मॅनेजर नागेंद्र म्हणाले, “ड्रोन आणायचा विचार हाय. आधी गिऱ्हाइकांचं मत घ्यायचं. गल्ली तुला ओळखते, तूच घे. लोकांना माणूसच पाहिजे असला तर तू ऱ्हाशील.”

फॉर्म फोनवर होता आणि उत्तर गिऱ्हाइकाच्या आवाजात रेकॉर्ड व्हायचं. खोटं लिहायची सोय नव्हती. मला ती लागेल असंही वाटलं नव्हतं.

पहिलं घर बायाक्काचं. मागाचा खडखडाट चालू, तिनं कान पुढं केला.

“आक्का, जेवण माणसानं आणलेलं बरं की ड्रोननं?”

“ड्रोन बरा की रं. दारात उभं राहून पाणी तर मागत न्हाय.”

“तीन वर्षांत एकदाच मागितलंय मी.”

“आठवतंय न्हवं!”

पलीकडचे महादेवअण्णा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “पोरगं तू लई चांगलं. पण ड्रोनच लिही. कुणाचा हात न लागता येतंय जेवण.”

“शिजवताना लागतोयच की, अण्णा.”

“ते आपल्याला दिसत न्हाय.”

सतरा घरं झाली, सतरा ड्रोन झाले. अठरावं घर माझं; कधीमधी भाजी मागवायची, म्हणून आईपण गिऱ्हाईक. आई भाकरी थापत होती. मी फोन तिच्या तोंडापुढं धरला.

“ड्रोन लिही बाबा,” ती म्हणाली. “तुझं ऊन तरी वाचंल.”

फॉर्मच्या खाली ‘माहिती गोळा करणारा’ म्हणून माझी सही.

ड्रोन आला. पद्धत सोपी होती. तो गल्लीवर थांबून दोरीनं डबा खाली सोडणार, आपण जेवण काढून घ्यायचं, झाकण लावायचं, डबा वर जाणार. पहिल्या दिवशी बायाक्कानं जेवण काढलं आणि डब्याकडं बघत राहिली.

“रिकामा डबा कसा परत धाडायचा? आमच्यात चालत न्हाय.” तिनं मूठभर शेंगा टाकल्या. “बिचारं, एवढ्या उनातनं आलंय.”

ही गोष्ट गल्लीला लागली. महादेवअण्णांनी दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा घातला. कुणी तिळाच्या वड्या घातल्या. सतरा घरांत चढाओढ लागली. कुणाचा डबा जास्त भरून गेला यावर बायकांची भांडणं झाली. हाताला काम नसल्यानं मी कोपऱ्यावर मोटारसायकल लावून बघत होतो. तीन वर्षं माझ्या पिशव्या रोज रिकाम्याच परत गेल्या, पण पिशवीला झाकण नसतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

तिसऱ्या आठवड्यात बायाक्काच्या नातवाचं बारसं झालं. तिनं डब्यात अख्खा नारळ, किलोभर गूळ आणि ड्रोनला म्हणून एक ब्लाऊजपीस घातला. डबा वर चढला, जरा झुलला, ड्रोन एका अंगावर कलला आणि थेट मागाच्या पत्र्यावर बसला. गल्ली धावली. बायाक्का ओरडत होती, “अगं बया, लागलं का त्याला?”

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला: ग्राहकांना ड्रोनविषयी अपेक्षेपेक्षा जास्त जिव्हाळा आहे. ड्रोन दुरुस्तीला बेंगळुरूला गेला, विमानानं. डब्याला आता जेवण काढलं की आपोआप बंद होणारं झाकण येणार.

“मग माझं काय?” मी नागेंद्रना विचारलं.

त्यांनी फोन माझ्यापुढं सरकवला. अठरा फॉर्म. शेवटच्यात आईचा आवाज, मागं तव्याची चुरचुर.

“ही मतं तूच गोळा केलीयस की रं,” ते म्हणाले.

म्हणून हा अर्ज.

मा. व्यवस्थापक साहेबांच्या सेवेसी. अर्जदार मंथन, रा. वडगाव, बेळगाव. विषय: ड्रोन या पदावर रुजू करून घेणेबाबत.

महोदय, अठरापैकी अठरा ग्राहकांची पसंती विचारात घेता अर्जदाराची नोंद माणूस या प्रवर्गातून काढून ड्रोन या प्रवर्गात करण्यात यावी. अर्जदाराचे वजन बासष्ट किलो असून उडण्याचा अनुभव नाही, परंतु पडण्याचा आहे. पडल्यास अर्जदारासही दुरुस्तीसाठी बेंगळुरूला पाठवण्यात यावे, ही नम्र विनंती.