वासाचा पहारा

उन्नतीचं पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हे माझं पक्कं ठरलेलं होतं. अडून बसली होती ती. "आई, तुझ्या गल्लीतल्या त्या वासाने मला भडभडून येतं. आधी नाल्यापलीकडचे कारखाने बंद कर, मग येते," पुण्याहून फोनवर म्हणाली. टोमणा होता, पण मला चांगलाच झोंबला. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई मी. कारखाने बंद करणं माझ्या हातात नव्हतं, पण माणसांना कामाला लावणं मला छान जमतं.

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या वस्तीत मी आरोग्य समिती उभी केली. दवाखान्याचे डॉक्टर आले, बचत गटाच्या बायका आल्या आणि कारखान्यांच्या वतीने पुष्कर नावाचा एक गोडबोल्या अधिकारी आला. आराखडा माझाच. प्रत्येक गल्लीतल्या एकीने सकाळ-संध्याकाळ दारात उभं राहून हवा हुंगायची. वास आला की मला कळवायचं, मी पुष्करला कळवणार आणि तो कारखान्यात तपास करणार. हवा मोजायचं यंत्र आणायला निधी नव्हता, नाकं मात्र फुकट होती.

सुरुवातीला माझा फोन थांबायचाच नाही. समोरची रंजना तर हातातलं लाटणं न ठेवताच ओरडायची, "मालिनीताई, आला हो! सडक्या अंड्यांचा!" मग मी पुष्करला फैलावर घ्यायचे.

हळूहळू फोन विरळ झाले. दिवाळीनंतर तर एकही आला नाही. बैठकीत पुष्करने पेढे वाटले. डॉक्टर तेवढे म्हणाले, की खोकल्याचे पेशंट काही कमी होत नाहीत. त्याला वेळ लागतो, असं मीच त्यांना समजावलं.

बाकी बारीकसारीक कुरबुरी चालूच होत्या. शिवमंदिराजवळच्या फुलवालीशी मी कडाकडा भांडले, कारण तिचा निशिगंध बिनवासाचा निघाला. रंजनाने भेसळीचा म्हणून हिंग वाण्याला परत केला. गल्लीतली कुत्री स्टेशनकडे निघून गेली, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. एकदा रंजनाकडे दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं आणि आम्ही दोघी शेजारच्या खोलीत निवांत गप्पा मारत होतो. धुराने डोळे चुरचुरले तेव्हा कुठे उठलो. वय झालं म्हणून खूप हसलो.

"आता बिनघोर ये," मी उन्नतीला सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

सातव्या महिन्यात ती आली, भर दुपारी. गल्लीतल्या सगळ्या बायका दारात जमल्या होत्या. रंजनाच्या हातात पाण्याचा तांब्या, माझ्या हातात ओवाळून टाकायला भाकरतुकडा. रिक्षा वळून आत आली. रिक्षावाल्याने एका हाताने तोंडावर रुमाल दाबला होता. मागे उन्नती ओढणी नाकाशी गच्च धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला वाटलं, माहेर बघून भरून आलं पोरीला.

"आई, रिक्षा वळवायला सांग," ती ओढणीआडून कशीबशी बोलली. "तू इथे श्वास कसा घेतेस?"

मी मागे वळून पाहिलं. साऱ्याजणी उन्हात हसत उभ्या होत्या, छाती भरून श्वास घेत होत्या. काही वायू आधी माणसाचं नाकच मारतात, हे मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेत असे.

भाकरतुकडा मी ओवाळलाच नाही. "परत जा. बाळंतपण पुण्यालाच कर," मी म्हटलं.

"आणि तू?"

मी रिक्षावाल्याला हात केला. तो वाटच पाहत होता.

रंजना तांब्या घेऊन धावत आली. "काय झालं हो ताई? पोर उतरली का नाही?"

"वास येतोय म्हणाली."

मग कुणीही न सांगता सगळ्यांनी माना वर केल्या आणि हवा हुंगली. मीही हुंगली. डोळे मिटून, पुन्हा पुन्हा हुंगली.

हवेला कसलाच वास नव्हता.