एका बाहीइतकं अंतर

मी बटणांचा व्यापारी. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण लोकांच्या अंगावरच्या सदऱ्यांवर झालं. माणूस खोटं बोलायला लागला की त्याचा हात वरच्या बटणाकडे जातो, हे काही मला कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही. त्यामुळे "शेठ, माल आणता तो कारखाना किती लांब?" असं कुणी विचारलं, तर नऊ हजार किलोमीटर, विमानाचे अकरा तास, असलं मी सांगत नसे. सांगायचो, "एक बाही."

त्याचं असं, की मी उंबरा ओलांडला की बायको लोकर घेऊन टाके घालायला बसायची आणि तिकडच्या विमानतळावर उतरून मी फोन केला की सुया खाली ठेवायची. तेवढ्यात खांद्यापासून मनगटापर्यंत एक बाही व्हायची. परत निघताना पुन्हा फोन. मग मी दारात उभा राहीपर्यंत दुसरी. बावीस वर्षं दोन्ही बाह्या बोटभरही मागेपुढे झाल्या नाहीत.

मग एका खेपेला जातानाची उजवी बाही कोपराशीच संपली, आणि येतानाची डावी बोटांच्याही खाली लोंबत राहिली.

"सुयांवर डुलकी लागली होती वाटतं?" मी म्हणालो.

ती हसली नाही. "तुमचा फोनच लवकर आला. आणि येताना किती वाट पाहायला लावलीत!"

मी तिकीट दाखवलं. जाताना अकरा तास, येताना अकरा. तिनं ते चष्म्याजवळ नेऊन वाचलं, घडी केली आणि त्या लांब बाहीत सरकवून दिलं.

पुढच्या खेपेला उजवी जेमतेम वीतभर झाली, डावी गुडघ्यापर्यंत आली. त्या परतीच्या विमानात दुसरा चहा आणणाऱ्या हवाईसुंदरीच्या भांगात रुपेरी केस होते. पहिल्या चहाला ते नव्हते. पण खाली पिंजलेल्या लोकरीसारखे ढग दूरवर पसरले होते, आणि त्यांच्याकडे बघता बघता माणसाला कुणाला काही विचारावंसंच वाटत नाही.

"आता नका जाऊ," बायको म्हणाली.

"एवढी एकच. कारखानदाराला शेवटचं भेटून येतो. मग तू आणि मी, घरातून हलायचं नाव नाही."

"पण परत याल ना?"

"येणार म्हणजे काय! येणारच," मी म्हणालो, आणि माझाच हात वरच्या बटणाकडे गेला. तिनं तो पाहिला.

सकाळी निघालो. विमानात अकरा तास नेहमीसारखे गेले. दोन जेवणं, एक झोप. उतरल्या उतरल्या फोन लावला. "पोचलो ग."

ती हळूच म्हणाली, "अहो, मला अजून लोकरीचं टोक सापडायचंय. तुमची जाणारी पावलं जिन्यात वाजताहेत."

मी फोन कानाशी घट्ट धरला. ऐकू येत होतं. माझ्याच बुटाच्या डाव्या टाचेचा सुटलेला खिळा वाजत होता, मीच कितीदा ठोकून घेईन म्हणालो होतो तो.

"काही विसरलात की काय? थांबलात तिथंच," ती म्हणाली. "हाक मारू का?"

समोरच्या फलकावर परतीचं विमान लागलं होतं. अकरा तास. घरात शिल्लक असलेली लोकर मी डोळ्यांसमोर आणून पाहिली. परतीच्या बाहीला ती पुरणार नव्हती.

"मार," मी म्हणालो. "त्याला आत घे, आणि दार लावून घे."